रमणमळ्यातल्या आमच्या तीन भिंती: वॉलपेपर काढायचा की त्यावरूनच रंग मारायचा?

जानेवारीत मी हा प्रश्न घेऊन पंधरा दिवस गावभर फिरले. जो तो आपल्या सोयीचं उत्तर देत होता. शेवटी ज्या पेंटरने काम केलं, त्याच्याबद्दल आणि त्याने आमच्या तीन भिंतींना दिलेल्या वेगवेगळ्या उत्तरांबद्दल लिहिते आहे. कुणाच्या घरी लग्न-साखरपुडा तोंडावर असेल आणि भिंतीवरचा कागद सुटायला लागला असेल, तर त्यांनी हे सावकाश वाचावं.

आधी घराबद्दल सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घर कोल्हापुरातल्या रमणमळ्यात, सासऱ्यांनी १९८४ साली बांधलेलं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, वर दोन खोल्या. रमणमळ्यात राहणाऱ्याला पंचगंगेचे आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. जुलै लागला की सकाळी चहाच्या आधी आम्ही तोच आकडा विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पहिल्यांदा हॉलमध्ये शिरलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा. दुसऱ्या खेपेला पाणी ओसरल्यावर भिंतींची जी दशा झाली होती ती बघवत नव्हती. खाली मातकट डाग, वर पोपडे. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून आम्ही हॉलच्या दोन भिंतींना वॉलपेपर लावून घेतला. पाणी उतरून जेमतेम तीन महिने झाले होते. लावणाऱ्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही की ही भिंत आतून वाळली आहे का. चूक तिथेच झाली. पुढचं सगळं तिच्यातून आलं.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात वास यायला लागला. कोंदट, ओल्या पोत्यासारखा. खिडक्या उघड्या ठेवल्या, कापूर जाळला, सोफा हलवून बघितला. मग कागदाच्या जोडावर खालच्या बाजूला फुगा दिसला. बोटाने दाबला की आत चुरचुर वाजायचं. सासूबाई म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होतो, भिंतीला श्वास घेऊ द्या म्हणून." खरंच सांगत होत्या. आम्ही ऐकलं नव्हतं.

यंदा एप्रिलच्या शेवटी धाकट्या मुलीचा साखरपुडा घरीच करायचं ठरलं आणि मग भिंतीकडे दुर्लक्ष करणं शक्य नव्हतं.

पहिला आला तो आमच्या ओळखीतला रंगकामाचा ठेकेदार. दारातूनच भिंत बघितली आणि म्हणाला, "काढायचा कशाला? वरून दोन हात मारू, दोन दिवसांत मोकळे." हॉलच्या दोन आणि वरच्या खोलीतली एक अशा तिन्ही भिंती मिळून ३७० चौरस फूट, फुटाला २२ रुपये, म्हणजे ८,१४०. दुसरा वॉलपेपरच्या दुकानातून आलेला मुलगा. त्याचं म्हणणं, जुन्यावरच नवा चिकटवू, आता नवीन डिझाइन आली आहेत. दोघांनीही भिंतीला हात लावला नाही. खरं सांगायचं तर ८,१४० रुपये आणि दोन दिवस हे ऐकायला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ हो म्हणाले होते.

तिसरा पेंटर माझ्या जावेने सुचवला. साधारण पंचावन्न वर्षांचा, करवीर तालुक्यातल्या खेड्यातून मोटारसायकलवर येणारा, बरोबर पुतण्या. आम्ही सगळे त्याला मामाच म्हणायला लागलो, म्हणून इथेही तसंच लिहिते. मामाने आल्या आल्या भाव सांगितलाच नाही. म्हणाला, "काकू, आदी भिंत बघू द्या. मग काय ते सांगतो." त्याने गुडघ्यावर बसून बोटाच्या पेराने खालपासून वरपर्यंत भिंत वाजवली. खाली बद्द आवाज, छातीच्या उंचीवर गेल्यावर टणक. मग मला विचारून सोफ्यामागे एका कोपऱ्यात पत्र्याने, म्हणजे पेंटरच्या पातळ पात्याने, कागदाचं टोक उचललं. वरचा थर सालीसारखा अख्खा सुटून आला आणि त्याची मागची बाजू काळी होती. बुरशी.

"ह्यो कागद न्हाय, प्लास्टिक हाय," तो म्हणाला. "आतली ओल भाईर पडंना झालीया. ह्येच्यावर रंग मारला की वरनं आणिक एक झाकण. सहा महिन्यांनी मलाच शिव्या घालशीला."

हे त्याचं पहिलं वाक्य मला पटलं आणि शेवटपर्यंत पटलेलं राहिलं. आपल्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत लागलेले बहुतेक वॉलपेपर विनाइलचे असतात. वर प्लास्टिकची पातळ कातडी, खाली कागद. पुसायला सोपे म्हणून आपण घेतो. पण ओल्या भिंतीवर तीच कातडी वाफ अडवून धरते. शिवाय गुळगुळीत प्लास्टिकवर रंगाला पकड मिळत नाही आणि उठावाची नक्षी असेल तर कितीही हात मारा, ती रंगाखालून दिसतेच. आमच्या कागदावर वेलबुट्टी होती, चांगली बोटाला लागेल इतकी उठावाची.

ओल किती आहे हे बघायला त्याने अगदी साधी गोष्ट केली. कोपऱ्यात उघडलेल्या जागेवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावला आणि म्हणाला, दोन दिवसांनी येतो. दोन दिवसांनी बघितलं तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब होते. बाहेरच्या, पश्चिमेकडच्या १४ फुटी भिंतीवर थेंब होते, आतल्या ११ फुटी भिंतीवर नव्हते. आतली भिंत दोन्ही बाजूंनी वाळली होती. बाहेरची दरवर्षी पावसाचा मारा खात होती. त्याने मला थेंब दाखवले आणि मग भाव सांगितला.

काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. सुरुवातीला त्याने मेन स्विच बंद करायला लावला आणि बोर्डांच्या प्लेटा सोडवल्या, कारण भिंतीवर पाणी मारायचं होतं. कुणी घरी स्वतः करणार असेल तर ही गोष्ट अजिबात विसरू नये. जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या, वर वर्तमानपत्रं. मग वरची कातडी कोरडीच ओढली. छतापासून खालपर्यंत एकेक पट्टा उतरत होता आणि मला वाटलं, संपलंच की काम. पण खरं काम त्यानंतर होतं. कागदाचा पांढरा थर आणि डिंक भिंतीलाच राहिला होता.

पुतण्याने कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकले आणि झाडांना फवारायच्या हातपंपाने भिंत भिजवली. मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं थांबायचं. थांबण्यातच निम्मं काम आहे, असं मामा त्याला सारखं बजावत होता. घाई करून पत्रा लावला की कागद तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि लांबीला, म्हणजे भिंतीवरच्या पुट्टीला, खड्डे पडतात. भिजलेल्या कागदाखाली पत्रा जवळजवळ आडवा धरून सरकवायचा, उभा खुपसायचा नाही. एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. खालच्या चार फुटांना आमच्याकडे जुना ऑइलपेंटचा पट्टा होता, पूर्वी सगळ्यांच्या हॉलला असायचा तसा. तिथला कागद ओल्या फडक्याने पुसला तरी निघत होता. त्याच्या वर, लांबीवर लावलेला कागद मात्र जीव काढत होता. गुळगुळीत ऑइलपेंटमध्ये डिंक मुरत नाही, लांबी मात्र तो पिऊन घेते. खिडकीच्या कडेला एक जागा काही केल्या निघेना, तिथे मुलीने ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली. वाफेने ती जागाही सुटली.

त्या ऑइलपेंटवरून मामाशी माझं एकदाच वाजलं. पुतण्या कोरडा पॉलिश पेपर घेऊन पट्टा घासायला बसला, तेव्हा मी थांबवलं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. घरात माझा चार वर्षांचा नातू आहे. मामाला हे माहीत नव्हतं, पण त्याने वाद घातला नाही. पाणी मारून ओलं घासलं, चिखलासारखी निघालेली घाण फडक्याने गोळा केली, आणि नातू ते दोन दिवस माझ्या बहिणीकडे कसबा बावड्याला राहिला. जुन्या घरातल्या प्रत्येकाने हे करावं असं मी कळकळीने सांगते.

कागद निघाला तेव्हा दाराजवळ ऑइलपेंटवर खिळ्याने ओढलेल्या दोन रेघा दिसल्या. एक २ फूट ४ इंचांवर, शेजारी "२०१९". दुसरी २ फूट ९ इंचांवर, "२०२१". सासऱ्यांचं अक्षर. दोन्ही पुरांनंतर त्यांनी पाण्याची खूण करून ठेवली होती आणि आम्ही दिवाळीच्या गडबडीत त्यावर वेलबुट्टी चिकटवली होती. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. मामाने टेप लावून मोजलं आणि म्हणाला, "म्हाताऱ्यानं माझं काम सोपं करून ठेवलंय." पाणी २ फूट ९ इंचांपर्यंत आलं, त्याच्या वर ओल आणखी चढते. त्याने बद्द आवाज जिथे संपतो तिथे खडूने खूण केली, ती साडेतीन फुटांवर आली. बाहेरच्या भिंतीचा तेवढा गिलावा फोडायचा ठरला. गिलाव्याबरोबर रेघा जाणार होत्या, म्हणून आदल्या रात्री यांनी त्याच उंचीवर दाराच्या सागवानी चौकटीत दोन पितळी खिळे ठोकून घेतले.

डिंक धुण्याबद्दल थोडं जास्त लिहिते. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. कागद निघाला की भिंत स्वच्छ दिसते. पण डिंकाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही. त्यावर रंग मारला की काही दिवसांत बारीक भेगा पडतात, रंग नखाने निघतो. मामाची कसोटी म्हणजे ओला तळहात. भिंत बुळबुळीत लागली की डिंक आहे, खरखरीत लागली की गेला. दोनदा स्पंजने धुऊन झालं, दर थोड्या वेळाने बादलीतलं पाणी बदललं आणि तो म्हणाला, झालं. माझी मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली. तिने औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडिन आणलं, पाण्यात पातळ केलं आणि कापसाने भिंतीवर दोन-तीन ठिकाणी लावलं. पिष्टाचा डिंक असेल तर आयोडिनने निळा-काळा डाग उमटतो, शाळेत बटाट्यावर करतात तोच प्रयोग. खिडकीखाली डाग उमटला. मामा कितीतरी वेळ त्या डागाकडे बघत उभा राहिला, मग पुतण्याला हाक मारून म्हणाला, "आण रं बादली." तिसऱ्यांदा धुतलं. आपलं झालेलं काम एका पोरीच्या शब्दावर पुन्हा करायला घेणारा कारागीर मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. (डिंक फेविकॉलच्या जातीचा असेल तर या परीक्षेवर विसंबता येत नाही, तिथे तळहातच खरा.)

पुढे थांबण्याचे दिवस. गिलावा फोडून विटा दहा दिवस उघड्या ठेवल्या, पंखा चालू. मग मामाच्या ओळखीच्या गवंड्याने नवा गिलावा केला, सात दिवस पाणी मारलं आणि त्यानंतर चार आठवडे त्याला कुणी हात लावला नाही. पाहुणे यायचे आणि विचारायचे, काम अर्धवट का ठेवलंय. मी अस्वस्थ व्हायचे, फोन करायचे. मामाचं उत्तर एकच, "भिंत वाळू दे, काकू." प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावला, या वेळी थेंब आले नाहीत, तेव्हाच लांबी भरली. लांबीचे दोन हात, घासकाम, प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात), मग मॅट इमल्शन, म्हणजे पाण्याचा, न चमकणारा रंग. चकचकीत धुण्याजोगा रंग मला हवा होता, तो त्याने बाहेरच्या भिंतीला नको म्हणून सांगितलं. पुन्हा भिंतीचं तोंड बंद करायला नको.

आता वरची खोली. तिथलं उत्तर बरोबर उलट आलं, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसले.

वरच्या खोलीतला वॉलपेपर २०१६ सालचा. साधा कागदी, गुळगुळीत, बारीक रेघांचा. भिंत आतली, कोरडी, पूर तिथवर कधी आलेला नाही. हॉलचा अनुभव घेतल्यावर मी मामाला सांगितलं, हाही काढून टाका. त्याने कपाटामागे टोक उचललं, तर कागदाबरोबर लांबीचा रुपयाएवढा पापुद्रा आला. दुसरीकडे उचललं, तिथेही तेच. त्या वेळी लावणाऱ्याने प्रायमर न मारता थेट लांबीवर कागद चिकटवला होता. "हे काढाय गेलो तर आख्खी भिंत नवी करावी लागंल," तो म्हणाला. कागद मात्र सगळीकडे घट्ट होता, जोड कुठेही उघडे नव्हते, एकच थर होता. अशा भिंतीवर त्याने वरूनच रंग मारायचा सल्ला दिला. म्हणजे पैसे जास्त मिळणारं काम त्याने स्वतःहून सोडलं.

पण पहिल्या ठेकेदारासारखा थेट रंग नाही. पाण्याचा रंग किंवा पाण्याचा प्रायमर थेट कागदावर लागला की खालचा डिंक पुन्हा ओला होतो आणि कागद फुगतो. म्हणून आधी ऑइल प्रायमर. तोही आधी कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट जागेवर मारला, वर रंगाचा एक हात दिला आणि दोन दिवस ठेवून बघितलं. फुगा आला नाही. मग पूर्ण भिंतीच्या जोडांवर लांबीची पातळ पट्टी ओढली, हलक्या हाताने घासली, ऑइल प्रायमर मारून रात्रभर ठेवलं, खिडक्या उघड्या. प्रायमरचा वास दोन दिवस राहतो, त्या खोलीत कुणी झोपू नये. त्यावर इमल्शनचे दोन हात.

दुपारी चारच्या सुमाराला खिडकीतून तिरपं ऊन येतं तेव्हा दोन जोड अजूनही पुसट दिसतात. मामाने हे आधीच सांगितलं होतं. मला ते चालतं. हॉलमध्ये चाललं नसतं.

खर्च लपवत नाही. हॉलच्या २५० चौरस फुटांचा वॉलपेपर काढून धुण्याचे फुटाला ८ प्रमाणे २,०००. गिलावा ४९ चौरस फूट, ८० प्रमाणे ३,९२०. हॉलची लांबी, प्रायमर, रंग सामानासकट ३० प्रमाणे ७,५००. वरची १२० फुटांची भिंत २६ प्रमाणे ३,१२०. एकूण १६,५४०. पहिल्या भावाच्या दुपटीहून अधिक. सामान त्याने लक्ष्मीपुरीतून आणलं आणि बिलं हातात दिली, उरलेला रंग डब्यासकट ठेवून गेला.

तक्रारीही आहेत. फोन उचलत नाही. नऊ म्हणून सांगून साडेदहाला येतो. घासकामाच्या दिवशी शोकेसवर कापड टाकलं नव्हतं, आतल्या काचेच्या भांड्यांवर बसलेली धूळ काढायला माझा पूर्ण दिवस गेला. आणि सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला तो शेवटच्या हाताच्या वेळी. जोतिबाच्या यात्रेआधी काम संपवतो म्हणाला होता. चैत्र पौर्णिमा जवळ आली, हॉलचा शेवटचा हात बाकी, आणि हा गावच्या सासनकाठीबरोबर (यात्रेत मिरवत नेतात ती उंच मानाची काठी) निघून गेला. चार दिवस पत्ता नाही. साखरपुड्याला दोन आठवडे उरलेले. पाचव्या दिवशी सकाळी दोघेही दारात उभे, कानामागे अजून गुलाल. पेढ्यांचा पुडा सासूबाईंच्या हातात दिला, पाया पडले आणि न बोलता ब्रश भिजवायला घेतले. त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत थांबून हात पुरा केला. मी काही बोलले नाही, पण आधी सांगून गेला असता तर मला दोन रात्री झोप लागली असती. ज्यांच्याकडे तारीख अडलेली आहे त्यांनी त्याच्याकडून गावची यात्रा, घरची लग्नं हे सगळं आधीच विचारून घ्यावं.

साखरपुडा हॉलमध्ये झाला. फोटोंत मागे भिंत आहे, साधी, फिक्या पिवळ्या रंगाची. चौकटीतले दोन खिळे व्याह्यांनी विचारले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना पुराची सगळी कथा सांगितली.

यंदाच्या पावसात हॉलमधला वास आलेला नाही. ऑगस्टमध्ये मात्र बाहेरच्या भिंतीला, दाराच्या डाव्या कोपऱ्यात खाली, तळहाताएवढी ओल दिसली. मामाला निरोप पाठवला. या खेपेला तो दुसऱ्याच दिवशी आला, बाहेरून फिरून बघितलं आणि जोत्याच्या सांध्यात गेलेली फट दाखवली. पाऊस असेपर्यंत तिला हात लावायचा नाही, दसऱ्यानंतर कोरड्यात भरू, पैसे नकोत, असं म्हणाला. तोवर त्या कोपऱ्यात कपाट सरकवायचं नाही आणि वरून काही चिकटवायचं नाही, एवढं बजावून गेला आहे.